नाक कुठे काढायचं?

बॉस्टनच्या आसपास घर घेतलेल्या मराठी माणसाकडे वास्तुशांतीला गेलात की घर दाखवण्याचा मार्ग ठरलेला असतो. आधी स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट. त्यावरून हात फिरवून "छान आहे हं" म्हणायचं. मग देवघर. मग कपडे ठेवायची ती भलीमोठी खोली, जिच्या दारात प्रत्येक यजमान "पुण्यातलं आमचं पहिलं घर एवढंच होतं" हे वाक्य टाकतो. शेवटी बेसमेंट, तिथलं होम थिएटर, आणि कोपऱ्यातलं एक बंद दार. ते कुणी उघडायला गेलं की यजमान घाईघाईनं म्हणतो, "तिथं काही नाही, नुसता फर्नेस आहे."

नोव्हेंबर ते एप्रिल हे घर ज्याच्या जिवावर घर म्हणून राहतं, त्याला आपण 'काही नाही' म्हणतो. ग्रॅनाइट फुटला तर थंडीनं कुणी काकडत नाही. पण फर्नेसचं कौतुक करणारा माणूस मला मंडळाच्या एकाही कार्यक्रमात भेटलेला नाही.

यंत्र तसं साधं. लोखंडी कपाटात गॅस जळतो, त्या उष्णतेवर घरातली हवा तापते, पंखा ती सगळ्या खोल्यांत ढकलतो. पण जळायचं म्हटलं की हवा लागते, आणि जळून झाल्यावर उरलेले वायू घराबाहेर घालवावे लागतात. थोडक्यात घराला नाक लागतं. जुन्या घरांना ते डोक्यावर असायचं, विटांची चिमणी म्हणून. नव्या फर्नेसला ते भिंतीतून बाहेर काढतात. दोन पांढरे पाइप: एक श्वास घ्यायला, एक सोडायला. दोन नाकपुड्या समजा. आणि हे नाक नक्की कुठे काढायचं, यावरून एका सुशिक्षित, एरवी शांत कुटुंबात केवढं रण माजू शकतं, ते मी पाहिलेलं आहे.

आमचा जुना फर्नेस ऐन संक्रांतीच्या आठवड्यात गेला. फर्नेस नेहमी थंडीतच जातात असं लोक म्हणतात. तसं काही नसतं. जुलैत गेलेला फर्नेस कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच. माझी नणंद न्यू जर्सीला बाळंत होणार होती, म्हणून सासूबाई तिकडे होत्या आणि सासरे आमच्याकडे. अप्पा पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. पाणी, उतार आणि कंत्राटदार या तीन विषयांत त्यांना कुणी काही शिकवावं अशी परिस्थिती उरलेली नव्हती.

मॅसॅच्युसेट्समध्ये गॅसचं काम घरमालकाला स्वतः करता येत नाही. परवाना असलेला फिटरच लागतो, गावाकडून परमिट काढावं लागतं आणि शेवटी गावाचा गॅस इन्स्पेक्टर येऊन काम पास करतो. नवऱ्याला हे फार लागलं. त्यानं यूट्यूबवर सगळं पाहून ठेवलं होतं. "चार पाइप तर चिकटवायचे," तो म्हणाला. अप्पांनी मात्र परमिट हा शब्द ऐकताच सुस्कारा सोडला. अमेरिकेत आल्यापासून त्यांना पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं असावं.

फिटर आला. उंच, कमी बोलणारा, गुडघ्यांना पॅड बांधलेला. त्यानं सांगितलं की जुना फर्नेस ऐंशी टक्केवाला होता, आता शहाण्णव टक्केवाला बसेल. अप्पांनी लगेच हिशेब मांडला, "म्हणजे शंभर रुपयांच्या गॅसमधले वीस रुपये इतकी वर्षं आकाशात चालले होते." अगदी तसंच. जुन्या फर्नेसचा धूर दीडशे-दोनशे अंशांवर चिमणीतून निघून जायचा. नवा फर्नेस त्या धुरातली उष्णता पिळून घेतो, इतकी की त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि बाहेर पडणारा वायू जेमतेम कोमट उरतो. म्हणून तर त्याला धातूची चिमणी लागत नाही, पीव्हीसी चालतो. पीव्हीसी साधारण साठ अंशांपर्यंत तग धरतो. हाच पाइप जुन्या फर्नेसला लावला असता तर तो मऊ पडून लोंबला असता.

"पाणी? आगीतून?" अप्पांचा विश्वास बसेना. मग त्यांनी पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली. सोळा किलो मिथेन जळला की छत्तीस किलो पाणी. म्हणजे किलोला सव्वादोन. त्यांनी आकडा दोनदा तपासला आणि चष्म्यावरून फर्नेसकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यासाठी धरणं बांधली ते पाणी इथं एका कपाटात तयार होत होतं आणि त्याचं नियोजन काय, हे कुणीच विचारत नव्हतं. कडाक्याच्या थंडीत दिवसाला बादलीभर सहज जमतं. ते आम्लधर्मी असतं, पीएच तीन ते पाचच्या आसपास. त्यामुळे ते आधी चुनखडीच्या खड्यांच्या नळकांड्यातून जाऊ द्यायचं आणि मग गटारात सोडायचं. अप्पांना ते नळकांडं फार आवडलं.

उताराशी मात्र त्यांचं बिनसलं.

फिटरनं पाइप भिंतीकडून फर्नेसकडे उतरता धरला, फुटाला पाव इंच. बाहेरचं टोक उंच, आतलं खाली. अप्पा दोन पायऱ्या खाली उतरले. "अगं, त्याला सांग, उतार उलटा पडलाय. पाणी बाहेर काढायचंय ना? मग उतार बाहेर हवा. हा घरात पाणी घेतोय."

मी सांगितलं. फिटर म्हणाला, "बाहेर उणे पंधरा आहे. पाणी बाहेर काढलं तर पाइपाच्या तोंडाशी बर्फ होईल. आज बोटाएवढा, उद्या मनगटाएवढा, परवा तोंड बंद. पाणी परत फर्नेसकडेच यायला हवं. तिथं त्याला जायला वाट आहे."

अप्पा क्षणभर गप्प. मग पाव इंचाला फूट, म्हणजे एकास अठ्ठेचाळीस, असं पुटपुटून ते म्हणाले, "हजारो फुटांत एखादा फूट उतार देऊन आम्ही कालवे चालवले. हा काय कालवा आहे? हा धबधबा आहे." पण हे ते मराठीत म्हणाले आणि मी भाषांतर केलं नाही. त्यानंतर प्रत्येक तुकडा बसला की अप्पा स्वतः पाणसळ लावून पाहायचे. फिटरला आधी ते बोचलं असेल, नंतर तो स्वतःच "बॉस?" म्हणून त्यांच्याकडे पाहायला लागला. क्लॅम्प लांब लांब मारले तर मधे पाइपाला पोट सुटतं, त्या पोटात पाणी साचतं आणि फर्नेस गुळण्या केल्यासारखा आवाज काढत बंद पडतो, हे फिटरनं सांगितल्यावर तर अप्पांनी क्लॅम्पमधलं अंतरही टेपनं मोजलं.

चिकटवणं हा प्रकार आपल्याकडच्या लोकांना नवा. आपल्याकडे प्लंबर पाइप कापतो, सोल्यूशन फासतो, दाबतो आणि चहा मागतो. इथं आधी कापलेल्या कडेचा किस काढायचा. तो आत राहिला तर पाण्याच्या वाटेत जाऊन अडकतो. मग जांभळा प्रायमर, मग सोल्यूशन, मग पाव वळसा देत पाइप पूर्ण आत आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवायचा. जांभळे ओघळ पांढऱ्याशुभ्र पाइपावर उतरलेले पाहून नवरा हळहळला, "जरा स्वच्छ करता नाही का येणार?" फिटर म्हणाला, "इन्स्पेक्टर तेच शोधतो. जांभळं दिसलं म्हणजे सांधा कोरडा नाही." नुसता खोचून ठेवलेला, चिकटवायचा राहून गेलेला सांधा ही या धंद्यातली सगळ्यात भयंकर चूक. तो बाहेरून तंतोतंत चिकटवल्यासारखा दिसतो आणि महिनोन्‌महिने धूर घरात सोडत राहतो. टोरांटोचा माझा मामेभाऊ फोनवर म्हणाला, तुमच्याकडे बरं आहे, प्लंबिंगचा पाइप चालतो. कॅनडात धुराच्या पाइपावर यूएलसी एस-६३६ असा शिक्का लागतो, आणि एका कंपनीच्या पाइपाला दुसऱ्या कंपनीचं सोल्यूशन लावलेलंही चालत नाही. पोटजातीसुद्धा जुळवून बघणारे लोक आहेत म्हणजे.

आता नाक बाहेर कुठे काढायचं, हा मुख्य विषय.

त्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. फर्नेस नव्हता, पण वाण आणलेलं होतं. इलेक्ट्रिक हीटर लावून, शालीवर शाल गुंडाळून बायका आल्या, त्यांना सोडायला आलेले नवरे फर्नेस बघायला म्हणून बेसमेंटमध्ये उतरले, आणि प्रत्येकानं आपापलं नाक खुपसलं.

एकाचं म्हणणं, पाइप पुढच्या भिंतीतून काढू नका, घराची शोभा जाते. विकताना किंमत उतरते. दुसऱ्यानं सुचवलं, डेकखालून काढा, कुणाला दिसणार नाही. फिटर म्हणाला, डेकखाली धूर कोंडतो आणि फळ्यांच्या फटींतून वर बसलेल्या पाहुण्यांना भेटतो. तिसरा म्हणाला, ड्रायरच्या पाइपाशेजारी काढा, म्हणजे सगळी कुरूपता एकाच जागी. त्यावर फिटरनं ड्रायरच्या तोंडाशी चिकटलेला कापसाचा थर दाखवला. तो श्वास घेणाऱ्या नाकपुडीत गेला की फर्नेसला पडसं. चौथ्यानं बाजूची वाट सुचवली. तिथं पायवाट आहे. धुरातलं पाणी पायवाटेवर टपटपून गोठणार आणि पोस्टमन आपटणार. पाचव्यानं शेजाऱ्याच्या बाजूची भिंत सुचवली. तो आमच्या घरातला सगळ्यात लोकप्रिय पर्याय ठरला. फिटरला तो फारसा रुचला नाही.

मग खिडक्या. दोन पाइपांचा, म्हणजे हवाही बाहेरूनच घेणारा फर्नेस असेल तर आमच्या मापाच्या यंत्राला उघडणाऱ्या खिडकीपासून निदान फूटभर अंतर हवं. एकाच पाइपाचा असेल, म्हणजे हवा बेसमेंटमधून खेचत असेल, तर चार फूट. जमिनीपासून निदान फूटभर उंच, आणि जिथं बर्फ साचतो तिथं साचणाऱ्या बर्फाच्याही वर. गॅसच्या मीटरपासून दूर. घराच्या आतल्या कोपऱ्यात नको, तिथं धूर गिरक्या घेतो. आणि दोन्ही नाकपुड्या एकाच भिंतीला. एक इकडे, एक तिकडे केल्या तर वारा एकीकडून दाबतो, दुसरीकडून ओढतो आणि फर्नेस बावचळतो. शिवाय सोडलेला श्वास पुन्हा आत ओढला जाणार नाही एवढी ती दोन तोंडं एकमेकांपासून लांब आणि वेगळ्या दिशांना. हे सगळं भिंतीवर खडूनं आखल्यावर आमच्या चार भिंतींत मिळून जेमतेम हातभर जागा उरली. ती नेमकी माझ्या हायड्रेंजियाच्या डोक्यावर होती.

हायड्रेंजिया गेली. झाड पाइपापुढे वाढतं आणि मग माणसं पाइप हलवण्याऐवजी झाडाची पानं पिवळी का पडली म्हणून खत घालत बसतात, असं फिटर म्हणाला. त्यानं पाहिलेले प्रकार तो मोजून सांगू लागला, तेव्हा मला कळलं की फर्नेसचा खरा शत्रू थंडी नाही, हौस आहे. पाइप दिसू नये म्हणून कुणी त्याभोवती लाकडी पेटी करतं. कुणी त्याच्यावर प्लास्टिकचा दगड उपडा घालतं. धुराचं तोंड कोमट असतं म्हणून एका घरी त्याच्यापुढे मोजे वाळत घातलेले होते. आमच्या ओळखीत एकानं दिवाळीत त्या पाइपालाच आकाशकंदील टांगला होता, "आयता हूक आहे" म्हणून. कंदील फडफडायचा छान, कारण फर्नेस त्यात फुंकर घालत होता.

अप्पांचा दुसरा आक्षेप अजून राहिला होता. "एवढी मरमर करून घर तापवायचं आणि मुद्दाम भिंतीला भोक पाडून बाहेरची उणे पंधराची हवा आत घ्यायची? हे कुठलं शहाणपण?" आक्षेप वरवर बिनतोड. पण ती हवा घरात येतच नाही. पाइपातून थेट जाळाकडे जाते, जळते आणि दुसऱ्या पाइपातून निघून जाते. एक पाइप वाचवून बेसमेंटमधलीच हवा जाळली असती तर खरी गंमत झाली असती. घनफूटभर गॅसला सुमारे दहा घनफूट हवा लागते. आमचा फर्नेस जोरात चालला की तासाला ऐंशी घनफूट गॅस, म्हणजे आठशे घनफूट हवा. दहा बाय दहाची, आठ फूट उंचीची खोली. अप्पांना दहा बाय दहा म्हटल्यावर सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. दर तासाला अशी एक खोली तापवायची आणि जाळून टाकायची, आणि तिच्या जागी दारं-खिडक्यांच्या फटींतून तेवढीच गार हवा घरात ओढून घ्यायची. शिवाय बेसमेंटमध्ये कपडे धुवायचं मशीन. ब्लीचच्या वाफा जाळात गेल्या की त्यांचं आम्ल होतं आणि फर्नेसचं आतलं लोखंड आतून खायला लागतं. दुसरा पाइप मंजूर झाला.

एल्बोंवरून थोडी घासाघीस झाली. नवऱ्याला पाइप तुळईच्या कडेनं, छताला लागून, तीन वळणं घेत न्यायचा होता, होम थिएटरच्या पडद्यावर येऊ नये म्हणून. फर्नेसच्या पुस्तकात तक्ता असतो. त्यात काटकोनी एल्बो म्हणजे सुमारे पाच फूट सरळ पाइप धरतात. तीन एल्बो म्हणजे न दिसणारे पंधरा फूट. वळणं जास्त झाली की श्वास पुरत नाही. मग पाइप जाड घ्यावा लागतो, आणि जाड पाइप पडद्याच्या आणखी आड येतो. नवऱ्यानं पडदा हलवला.

श्वास पुरत नाही हे फर्नेसला कळतं कसं? त्यात एक छोटा चपटा प्रेशर स्विच असतो. थर्मोस्टॅटनं ऊब मागितली की आधी छोटा पंखा सुरू होतो आणि नळीतून हवा ओढतो. ओढ पुरेशी आहे असं स्विचनं सांगितल्याशिवाय ठिणगी नाही, गॅस नाही. बाहेर बर्फानं नाक दाबलं की फर्नेस तोंड उघडतो: समोरचा छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून सांगतो, माझा श्वास कोंडलाय. यंत्रांत एवढा समंजसपणा मला क्वचितच दिसला आहे. हे माहीत नसलेले लोक मात्र दिवा लुकलुकला की फर्नेस चालू-बंद करत राहतात. खरं तर फावडं घेऊन बाहेर जायचं असतं.

इथं थोडं गंभीर व्हावं लागतं. २००५ च्या जानेवारीत याच राज्यात, प्लिमथ गावी, बर्फाच्या ढिगानं भिंतीतलं असंच एक तोंड बुजलं आणि घरातली सात वर्षांची मुलगी, निकोल, कार्बन मोनॉक्साइडनं गेली. त्यानंतर निकोलचा कायदा आला आणि २००६ पासून घराघरांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट चिकटतो. मिरचीच्या फोडणीला बोंबलणारा स्मोक अलार्म वेगळा. त्यावर शॉवर कॅप चढवून पुऱ्या तळणाऱ्या बायका मला माहीत आहेत, मीही त्यांच्यात बसते. पण या दुसऱ्या अलार्मशी असला खेळ नाही. माणसाचं नाक कितीही मोठं असलं तरी इथं ते कामाचं नाही.

त्याच सुमारास या राज्यानं आणखी एक नियम केला, आणि तो अप्पांना सगळ्यात जास्त भावला. भिंतीतून काढलेलं धुराचं तोंड जमिनीपासून सात फुटांच्या आत असेल तर बरोबर त्याच्या वर, जमिनीपासून निदान आठ फुटांवर, पाटी ठोकायची: गॅसचं तोंड थेट खाली आहे, अडथळा ठेवू नका. अक्षरं निदान अर्ध्या इंचाची. कारण बर्फ पडला की पाइप दिसत नाही, पण पाटी दिसते. फावडं कुठे मारायचं ते कळतं. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनला शंभर इंचांहून जास्त बर्फ पडला होता, त्यामुळे आठ फूट ऐकून हसू येत असेल तर आवरा. ज्यांनी फावडं मारलंय ते हसत नाहीत.

एक प्रकरण मात्र कुणाच्या ध्यानातच नव्हतं. जुना फर्नेस आणि पाणी तापवायचा हीटर एकाच चिमणीत धूर सोडायचे. फर्नेस गेला आणि एवढ्या मोठ्या चिमणीत हीटर एकटा उरला. त्याच्या मूठभर धुरानं ती विटांची गुहा तापेना. धूर मधेच गार होऊन विटांना ओल देणार, कधी वर जायचं सोडून उलटा घरात उतरणार. एकत्र कुटुंबातला कर्ता गेल्यावर धाकट्याची होते तशी त्याची गत. चिमणीत आतून बारीक धातूची नळी सोडावी लागली. तिच्या बिलाबद्दल न बोललेलं बरं. नवरा त्यावर अजून बोलतो.

इन्स्पेक्टर आला तो एका सकाळी, हातात टॉर्च, खिशात टेप. त्यानं जांभळे ओघळ पाहिले, सांधे हलवून पाहिले, पाइपावर लेव्हल ठेवली. अप्पा त्याच्या मागोमाग, हात पाठीशी बांधून, साहेब साइटवर आल्यावर चालतात तसे. उतार पास. अंतरं पास. बेसमेंटमधला अलार्म पास. बाहेर जाऊन त्यानं पाटी मोजली आणि मान हलवली. सात फूट दहा इंच.

फिटर म्हणाला, दोन इंचांनी काय होतं. नवरा म्हणाला, दोन इंचांनी खरंच काय होतं. इन्स्पेक्टर काही न बोलता कागदावर लिहू लागला. अप्पा मात्र इतके खूश झालेले मी त्या अख्ख्या मुक्कामात पाहिले नव्हते. "अगं, त्याला विचार," ते म्हणाले, "त्याच्या खात्यात निवृत्तीचं वय किती आहे?" आणि स्वतःच गॅरेजमधून शिडी आणायला गेले.